कानामागून आली

लोणावळ्याचे नाव काढले की कोणाला चिक्की आठवते, कोणाला भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून खळाळणारे पाणी, तर कोणाला बोरघाटात गाडीला मागून रेटा देणारी इंजिने. माणसाच्या जिवंत शरीरात डोकावून पाहण्याच्या इतिहासातही या गावाला एक लहानसे पान आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेरला अध्यापन केलेले एक संस्कृतज्ञ गृहस्थ. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नावाचे नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकांत एक नवलाची गोष्ट छापून आली. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना पोटात नेमके काय घडते, हे स्वामीजींनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले होते. गुरूने सांगितले आणि शिष्याने मान डोलावली एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. आत काय चालते ते डोळ्यांनी पाहावे, असे त्यांना वाटले. ती छायाचित्रे पोटाची होती, हृदयाची नव्हती. पण या लेखाचा धागा मला तिथेच सापडला.

योगी आपले हृदय थांबवू शकतो, अशी त्या काळी मोठी वदंता होती. १९३५ साली तेरेझ ब्रॉस नावाच्या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई हृदयाचा विद्युत-आलेख काढणारे यंत्र घेऊन खास त्यासाठी भारतात आल्या. पुढे १९५७ साली अमेरिकेहून वेंगर आणि बागची आले, दिल्लीचे शरीरशास्त्रज्ञ आनंद त्यांना मिळाले, आणि १९६१ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. छातीचे स्नायू आवळून श्वास रोखला की मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होई, छातीला नळी लावली तरी ठोके ऐकू येईनासे होत. पाहणारा म्हणे, थांबले हृदय! आलेखाच्या कागदावर मात्र ते बिचारे निमूटपणे आपले काम करीतच असे. ऐकू येईना एवढेच खरे. थांबले होते असे मुळीच नाही.

कानाला ऐकू आले नाही म्हणजे तिथे काही नाही, हा समज योग्यांच्या बाबतीत नुसता गमतीचा ठरला. लहान मुलांच्या बाबतीत तोच समज जिवावर बेतत आला आहे. वाचकहो, ती हकीकत सांगण्यासाठीच मी आज लेखणी उचलली आहे. मी डॉक्टर नव्हे; मावळातल्या एका शाळेत मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळी कथा-कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे तो शाळकरी वयाचाच आजार आहे, आणि शिक्षकाच्या डोळ्यांसमोरूनच तो वर्षानुवर्षे ये-जा करीत असतो.

मावळचा पाऊस पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जून लागला की चार महिने भिंतींना ओल येते, पांघरुणे सुकत नाहीत, आणि एका खोलीत सात-आठ माणसे एकमेकांच्या उबेने निजतात. अशा दाटीत एका मुलाचा घसा बसला की घरातल्या सगळ्यांचा बसतो. बहुतेक घसे मिठाच्या गुळण्यांनी चार दिवसांत मोकळे होतात. पण त्यांतल्या काहींमागे स्ट्रेप्टोकोकस नावाचे, मण्यांच्या माळेसारखे दिसणारे जंतू असतात. घसा बरा होतो, मूल खेळायला लागते, आणि दोन-तीन आठवड्यांनी एक विचित्र खेळ सुरू होतो. ताप येतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो उतरतो आणि घोटा धरतो, मग कोपर. जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज वाट चुकते आणि आपल्याच घरावर तुटून पडते. सांध्यांवरचा तिचा हल्ला तात्पुरता असतो. सांधे पूर्ववत होतात. हृदयावरचा तसा नसतो. हृदयाचे अस्तर, स्नायू आणि बाहेरचे आवरण अशा तिन्ही ठिकाणी दाह होतो. दाह शमला तरी झडपांवर वण राहतो. हळूहळू झडप जाड होते, आखडते; कधी नीट मिटत नाही, कधी नीट उघडत नाही. याला संधिवाताचा ताप म्हणतात आणि त्यातून उरणाऱ्या आजाराला संधिवाती हृदयरोग.

आपल्या जुन्या वैद्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते असे नाही. 'माधवनिदान' या बाराशे वर्षांहून जुन्या ग्रंथात आमवाताचे वर्णन आहे, आणि सांध्यांच्या सुजेबरोबरच हृद्ग्रह, म्हणजे हृदय धरल्यासारखे होणे, हेही लक्षण त्यात नोंदलेले आहे. तो आमवात म्हणजे हाच ताप असे मी म्हणणार नाही. पण सांधा आणि हृदय यांचे काही नाते आहे, हे त्या वैद्याच्या नजरेने टिपले होते एवढे खरे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. एका पावसाळ्यात ती आधी डाव्या पायाने लंगडत आली, आठवड्याने उजव्या. मी चौकशी केली तेव्हा तिची आई म्हणाली, "गुर्जी, वाढतं आंग हाय, दुखायचंच." मी डॉक्टरकडे न्यायला सांगितले, तिने नेलेही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ठोके स्वच्छ आहेत म्हणाले, तापाचे औषध दिले; आणि पंधरा दिवसांत पोरगी लगोरी खेळू लागली. पुढे ती लग्न होऊन पवनेकाठच्या एका गावी गेली. पहिल्या खेपेला सहावा महिना लागला तेव्हा तिला जिना चढवेना, रात्री आडवे पडवेना. गरोदरपणात अंगातले रक्त वाढते आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुप्फुसांत तुंबते. वर्षानुवर्षे गप्प बसलेली झडप अशा वेळी बोलू लागते. तिची तपासणी झाली, दोष सापडला, आणि मांडीच्या शिरेतून फुगा सरकवून तिची झडप रुंद करण्यात आली. आज ती आणि तिचे मूल दोघेही सुखरूप आहेत. पण लंगडणारा पाय आणि धापणारी छाती यांच्यामध्ये जी दहा-अकरा वर्षे गेली, त्या वर्षांत तिच्या हृदयात काय चालले होते ते कोणालाही दिसले नाही. ते दिसावे कसे, या प्रश्नाचा इतिहास दोन-अडीचशे वर्षांचा आहे.

त्याची सुरुवात कानापासून झाली. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स गावच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा, आउएनब्रुगर, व्हिएन्नात डॉक्टर झाला. पिंपावर टिचकी मारली की आतला द्रव कुठवर आहे ते आवाजावरून कळते. तोच न्याय लावून रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आतले ओळखण्याची रीत त्याने १७६१ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे बायका माठ घेताना टिचकी मारून पाहतात, तसेच हे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली, कारण छातीला थेट कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्या संकोचातून स्टेथोस्कोप जन्माला आला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे हृदयाचे वैद्यक म्हणजे कानाचे वैद्यक होते. निरोगी झडपा 'लब-डब' असा आवाज करतात. बिघडलेल्या झडपेतून रक्त वाहताना मध्येच एक फुसफुस उमटते. तिला डॉक्टर मर्मर म्हणतात. गायकाने कोमल गंधार ओळखावा तसे निष्णात डॉक्टर ही मर्मर ओळखत, आणि तिच्यावरून कोणती झडप कशी बिघडली ते सांगत. १९४४ साली अमेरिकेतल्या डकेट जोन्स यांनी संधिवाताच्या तापाची लक्षणे मांडून दिली. सांध्यांची सूज, हृदयाचा दाह, त्वचेवरची वलये, कातडीखालच्या गाठी, आणि हातापायांचे आपोआप नाचणे ही त्यांतली मुख्य. हातांच्या या नाचण्यामुळे मुलाचे अक्षर एकाएकी बिघडते, हातातून पेला निसटतो. शिक्षकाने तर हे लक्षण कायम ध्यानात ठेवावे; नाहीतर आजारी मूल गबाळ्या अक्षरासाठी छडी खाते.

उष्ण देशांत हा ताप नसतोच, असा एक समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत साहेबांच्या वैद्यकात पक्का होता. थंड, धुकट हवेचा तो आजार, इथल्या उन्हात तो कसा जगणार? मुंबई-पुण्याच्या इस्पितळांत धापा टाकणारी तरुण माणसे खाटांवर पडलेली असतानाही हा समज बराच काळ टिकला. पुढे डॉक्टरांनी नीट मोजदाद सुरू केली तेव्हा तो गळून पडला. हवेपेक्षा दाटीचा, दारिद्र्याचा आणि औषध न मिळण्याचा हा आजार आहे, हे मग उघड झाले. आणि दाटी नि दारिद्र्य दूर सारलेल्या देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला, आपल्याकडे मात्र राहिला.

कानानंतर डोळ्याची पाळी आली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाच्या हृदयाची सावली प्रथमच पडद्यावर पडली. आमच्याकडे अजूनही त्याला 'छातीचा फोटो' म्हणतात. या फोटोत हृदय वाढले आहे की नाही हे कळे. हृदयाभोवतीच्या आवरणाला क्षयामुळे किंवा अन्य कारणाने दाह होऊन आत पाणी साठले तर हृदयाची सावली भरलेल्या पखालीसारखी पसरट दिसे, हेही कळे. पण सावली ती सावली. पडद्यामागे दिवा लावून बाहुल्या नाचवतात तेव्हा बाहुलीचा आकार दिसतो, तिच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. झडपेची पाकळी जाड झाली आहे की पातळ, स्नायू सुजला आहे की निरोगी, हे त्या फोटोत उमटत नसे. शिवाय सावली मोठी दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असे.

पुढचे पाऊल आवाजानेच टाकले, पण निराळ्या आवाजाने. खंडाळ्याच्या दरीच्या कडेला उभे राहून कोणी साद घातली तर समोरच्या कड्यावरून ती परत येते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर कडा ३४० मीटर दूर आहे, हे गणित सातवीतले मूलही करील. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी याच युक्तीवर काम सुरू झाले, आणि पुढे जगभरच्या नौदलांनी ती वापरली. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून दूर, लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाची 'शिवाजी' ही तांत्रिक शिक्षणाची संस्था उभी आहे. गावात पांढऱ्या गणवेषातले खलाशी दिसले की नव्या माणसाला नवल वाटते. आम्हाला त्याची सवय आहे. तर सांगायचे ते हे, की पाण्यात पाणबुडी शोधणारा आणि जहाजाच्या पोलादातली चीर शोधणारा तोच प्रतिध्वनी एके दिवशी माणसाच्या हृदयाकडे वळला.

हे घडले स्वीडनमधल्या लुंड या विद्यापीठाच्या गावी. तिथे इंगे एडलर नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. त्यांच्यापुढचा प्रश्न नेमका आपल्या या आजाराचाच होता. संधिवाताने आखडलेली झडप बोटाने किंवा पात्याने मोकळी करण्याची शस्त्रक्रिया त्या सुमारास जगभर सुरू झाली होती. आपल्या मुंबईतही के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी पन्नासच्या दशकात ती हाती घेतली. १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातले पहिले हृदयारोपण करणारे ते हेच. पण झडप नुसती अरुंद आहे, की अरुंदही आहे आणि गळतेही आहे, हे आधी कळले पाहिजे. गळकी झडप आणखी रुंद केली तर रोगी दगावायचा. कान आणि सावली या दोघांच्या साक्षीवर इतका मोठा निवाडा करणे एडलरना धोक्याचे वाटे. हेल्मुट हर्ट्झ नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ त्यांना भेटला. नोबेल पारितोषिक मिळालेल्या गुस्ताव हर्ट्झ यांचा तो मुलगा. माल्मो बंदरातल्या जहाजांच्या कारखान्यात धातूतल्या चिरा शोधण्याचे एक यंत्र होते. ते शनिवार-रविवारपुरते मागून आणून हर्ट्झने स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. पडद्यावर एक ठिपका हृदयाच्या तालावर पुढेमागे सरकू लागला! मग जर्मनीतल्या सीमेन्स कंपनीकडून तसेच यंत्र उसने मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाची हालचाल प्रतिध्वनीने प्रथम नोंदली गेली.

हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत पोहोचतो. या आवाजाची कंपने लाखांनी मोजावी लागतात. शरीरातून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने धावतो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या झडपेवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा साडेसात हजारावा भागही लागत नाही. म्हणून एका ठोक्यात शेकडो वेळा साद घालता येते, आणि त्या सादांचे चित्र विणता येते. सुरुवातीला चित्र कसले, नुसत्या रेघाच होत्या. पण निरोगी पाकळीची रेघ झटकन खाली उतरे आणि आखडलेल्या पाकळीची रेंगाळत उतरे. तेवढ्यावरून एडलर निदान करू लागले. १९६५ साली अमेरिकेत फायगेनबॉम यांनी हृदयाच्या आवरणात साठलेले पाणी याच रीतीने दाखवून दिले. सत्तरच्या दशकात रेघांचे हलते चित्र झाले. ऐंशीच्या दशकात त्यात रंग आले. हे रंग आले ते डॉपलरने १८४२ साली सांगितलेल्या नियमातून. मळवली स्टेशनावर उभे राहावे: न थांबणारी गाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हा स्वर चढा लागतो, निघून जाऊ लागली की उतरतो. रक्ताच्या धारेवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीचेही तसेच होते. यंत्राकडे येणारे रक्त तांबड्या रंगाने आणि दूर जाणारे निळ्या रंगाने दाखवायचे ठरले. झडप गळत असेल तर उलट्या दिशेने उडणारी रंगीत चिळकांडी अडाणी माणसालाही दिसते.

आज आपल्या तालुक्याच्या गावांतही 'इको काढून या' असे डॉक्टर सांगतात, आणि मावळातला शेतकरी 'पोराचा इको काढला' असे सहज बोलून जातो. इको म्हणजे प्रतिध्वनी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्यात म्हण आहे, कानामागून आली आणि तिखट झाली. या दृष्टीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली. २००७ साली कंबोडिया आणि मोझांबिक या देशांतल्या शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. आधी नळीने, मग इकोने. नळीने हजारी दोन-अडीच मुलांत दोष सापडला होता. इकोने कंबोडियात हजारी एकवीस आणि मोझांबिकात तीस मुलांत तो दाखवला. म्हणजे दहापट! आपल्या देशात दिल्लीजवळच्या बल्लभगड भागात सहा हजारांवर शाळकरी मुले तपासली गेली. त्याचा अहवाल २०११ साली आला. नळीने हजारी एकही पुरते मूल सापडले नव्हते. इकोने वीस सापडली. ही मुले धावत होती, झाडावर चढत होती, वर्गात हजेरी देत होती. त्यांच्या छातीतून मर्मर येत नव्हती. डॉक्टरांच्या कानाचा यात दोष नाही. झडपेतून इतकी थोडी गळती होत होती की तिचा आवाजच होत नव्हता.

यानंतर नियम बदलावे लागले. कोणत्या चित्राला आजार म्हणायचे आणि कोणत्याला नाही, याचे निकष २०१२ साली जागतिक हृदय महासंघाने ठरवले. २०१५ साली अमेरिकेच्या हृदयसंस्थेने जोन्स यांची जुनी लक्षणे सुधारली, आणि मर्मर नसली तरी इकोत दिसलेला दाह हा हृदयाचा दाहच मानावा, असे लिहिले. कानाची दीडशे-दोनशे वर्षांची मक्तेदारी त्या दिवशी संपली.

दाहाच्या इतर प्रकारांसाठी आणखीही डोळे आले आहेत. विषाणूंनी हृदयाच्या स्नायूचा दाह होतो. २०२० च्या महामारीत कोविडच्या संदर्भात त्याची चर्चा घरोघर झाली. पूर्वी त्याची खात्री करायची तर शिरेतून चिमटा घालून स्नायूचा कण काढावा लागे. आता एम. आर. आय. चे मोठे चुंबक स्नायूतले पाणी दाखवते. सुजलेल्या जागी पाणी अधिक, म्हणून ती जागा उठून दिसते. त्याचे निकष २००९ साली ठरले, २०१८ साली सुधारले. कॅनडातल्या लेक लुईस या सरोवराचे नाव त्यांना आहे. पण हे यंत्र खोलीएवढे, किंमत कोट्यवधींची. मावळातल्या शाळकरी मुलांच्या कामी यायचा तो इकोच.

कोणी विचारील, लवकर दिसून उपयोग काय? गप्प बसलेला आजार चाळवून आईबापांची झोप उडवायची कशाला? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता, आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर २०२१ साली युगांडातून आले. तिथे लाखभर मुले इकोने तपासली, आणि ज्यांच्या झडपांत अगदी सुरुवातीचा दोष दिसला अशा ८१८ मुलांचे दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई दिली, दुसऱ्याला दिली नाही. दोन वर्षांनी पाहिले, तर सुई न घेतलेल्यांत शंभरी आठ मुलांचा आजार पुढे सरकला होता. घेतलेल्यांत शंभरी एकाचाही पुरता नाही. यातच दुसरेही सत्य आहे, ते लपवून चालणार नाही. सुई न घेताही बहुतेक मुलांचा आजार त्या दोन वर्षांत वाढला नव्हता. तेव्हा इकोत डाग दिसला म्हणून मुलाला काचेच्या भांड्यासारखे जपू नये, मुलीचे लग्न अडवू नये. पण सुई आणि तपासणी चुकवूही नये.

पेनिसिलीन म्हटले की आम्हा मावळकरांना लांब जायला नको. पुण्याच्या लोकलने लोणावळ्याहून निघालो की कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड मागे टाकून पिंपरी लागते. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला हात दिला आणि १९५५ साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे त्या कारखान्यावर वाईट दिवस आले, तो भाग निराळा. मी सनावळ्या जुळवतो तेव्हा मन थबकते. झडप पाहणारी दृष्टी १९५३ साली लुंडला उघडली. झडप वाचवणारे औषध १९५५ साली आमच्या उंबरठ्यापाशी तयार होऊ लागले. आणि ठोके स्वच्छ ऐकू येणाऱ्या मुलाला आधी पाहून मग औषध दिले तर लाभ होतो, हे सिद्ध व्हायला २०२१ साल उजाडले. मधल्या सहासष्ट वर्षांत किती मुले लंगडून बरी झाली आणि पुढे धापा टाकू लागली, याची मोजदाद कोणत्याही वहीत नाही.

आपल्या शाळांत आज सरकारी आरोग्य-पथक वर्षातून एकदा येते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथके. ज्या आजारांसाठी मुलांना तपासायचे त्यांच्या यादीत संधिवाती हृदयरोग आहे. पथकाच्या हाती असते ती नळी. खिशात मावतील एवढी इको-यंत्रे आता निघाली आहेत आणि काही देशांत परिचारिका ती शाळाशाळांतून वापरतात. आपल्याकडे ते इतके सोपे नाही, आणि त्याचे कारण आपणच निर्माण केलेले आहे. ज्या आवाजाने मुलीचे हृदय वाचवता येते त्याच आवाजाने आपण पोटातली मुलगी शोधून तिला नाकारली. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राला देशातला पहिला कायदा करावा लागला, १९९४ साली केंद्राने केला. त्यामुळे असे प्रत्येक यंत्र नोंदणीत बांधलेले आहे. ते पिशवीत घालून गावोगाव हिंडवता येत नाही. कायदा हवाच. पण त्याच्या चौकटीत राहूनही मुलांना तालुक्याच्या यंत्रापर्यंत नेण्याची सोय करता येईल, आणि ते काम सरकारइतकेच आपले, गावाचे आहे.

तोवर घरच्या माणसांनी करण्यासारखे फार थोडे आहे, पण तेवढे मोलाचे आहे. मुलाचा घसा दुखून ताप आला तर गुळण्यांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे, आणि त्यांनी औषध जितके दिवस सांगितले तितके दिवस द्यावे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात टाकू नयेत. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरू लागले, किंवा अक्षर एकाएकी बिघडले, तर ते वाढते अंग समजू नये. ठोके स्वच्छ आहेत असे ऐकल्यावरही 'इको काढावा का?' एवढे विनयाने विचारावे. आणि ज्या मुलाला तीन-चार आठवड्यांची सुई लागली आहे त्याची तारीख चुकू देऊ नये. ही सुई वर्षानुवर्षे, पुष्कळदा विशीपलीकडेही चालते. ती दुखते, आणि मूल धडधाकट दिसत असताना ती देत राहणे आईबापांच्या जिवावर येते.

माझ्या शाळेच्या कार्यालयात दिनदर्शिकेवर आम्ही अशा एका मुलाच्या तारखांना लाल पेन्सिलीने गोल करतो. यंदा एक गोल नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला आहे. मुलाच्या वडिलांनी विचारले, दोन दिवस पुढे ढकलली तर चालेल का? मी म्हटले, सकाळी जाऊन या. दुपारपर्यंत घरी परताल, आणि फटाके तर संध्याकाळीच उडवायचे आहेत.